वर्गणी, वायर आणि आईचं पासबुक

मागच्या दिवाळीत गिरगावच्या घरी गेलो होतो. फराळाचं ताट संपायच्या आत आईने पासबुक हातात ठेवलं. बँकेतल्या मशीनवर वर्षभराचं एकदम छापून आणलेलं, अजून कडक. "जरा बघ, दर महिन्याला माझ्या खात्यातून कोण काय नेतंय?"

तीन नोंदी होत्या. एक ४९९, एक २९९ आणि एक १९९. पुढे इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची खिचडी. मला ओळखायला दोन मिनिटं लागली आणि ओळखल्यावर जरा ओशाळलो. लॉकडाऊनमध्ये "आईचा वेळ जाईल" म्हणून आम्हीच तिच्या टीव्हीवर तीन अ‍ॅप टाकून दिली होती, तिच्याच कार्डावर. नंतर आम्ही ते विसरलो, कार्ड मात्र विसरलं नाही. (हे वाचणाऱ्या भावंडांनी आपापल्या वाट्याचा दोष उचलावा. मी माझा उचलला आहे.) याशिवाय केबलचे ३५० ती वेगळे देते. म्हणजे महिन्याला १३४७ आणि वर्षाला १६,१६४ रुपये. एका बाईचा, एका बत्तीस इंची टीव्हीचा खर्च.

आई म्हणाली, "तुझे बाबा असते तर..." आणि पुढचं वाक्य आमच्या घरात पूर्ण करावं लागत नाही. बाबा रोज रात्री जमाखर्च लिहीत. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या. शेवटची वही ते गेले त्या वर्षीची. सगळ्या माळ्यावर आहेत. मी शिडी लावली, वह्या खाली काढल्या आणि दोन दिवस त्यातल्या फक्त 'टीव्ही'च्या नोंदी शोधत बसलो. बायकोने नेहमीचा चेहरा केला. पण त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवावंसं वाटलं. थोडा इतिहास आहे, थोडा हिशोब.

पहिली नोंद १९८३ची. 'टीव्ही लायसन्स ५०'. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण घरात टीव्ही ठेवायला तेव्हा परवाना लागे. रेडिओचे वर्षाला १५ रुपये, टीव्हीचे ५०. पोस्टात जायचं, पैसे भरायचे. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या होत्या, म्हणजे सरकार एका बाजूने साबणवाल्यांकडून घेत होतं आणि दुसऱ्या बाजूने आपल्याकडून. १९८५च्या अर्थसंकल्पात हे परवाना शुल्क रद्द झालं. बाबांच्या वहीतही मग ती नोंद नाही.

पण आमच्या चाळीत टीव्ही त्याच्या किती तरी आधी आला होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे लाकडी दारांचा टीव्ही आला. त्या दारांना कुलूप होतं. वरच्या गच्चीवर अँटेना. वाऱ्याने ती फिरली की कुणीतरी वर, कुणीतरी गॅलरीत आणि कुणीतरी खोलीत, अशी "आलं... गेलं... आलं!" ची साखळी. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, गुरुवारी छायागीत. काकूंची खोली ती केवढी! दहा बाय बारा असेल. रविवारी संध्याकाळी त्यात तीसेक माणसं मावत. आम्ही पोरं पुढे जमिनीवर, बायका मागे, पुरुष दारात आणि गॅलरीत उभे. पलीकडच्या चाळीत म्हणे पोरांकडून दहा-दहा पैसे घेत. काकूंनी कधी एक पैसा घेतला नाही. उलट मध्ये पाणी द्यायच्या.

आता गणित करा. लायसन्सचे ५० रुपये, बघणारी माणसं तीस. माणशी वर्षाला दोन रुपयेसुद्धा पडत नव्हते. आणि तेही काकूच भरत होत्या.

लालबागचे आमचे मोठे काका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला. गिरणगावात पगार बंद आणि दुकानांच्या काचेत रंगीत टीव्ही, असं ते वर्ष. काका-काकी तेव्हा टीव्ही बघायला शेजारी जात. चुलतभाऊ सांगतो, आधी ते सहज जात, संपात जायचं हळूहळू कमी झालं. कुणी काही बोललं नव्हतं. पण फुकट बसायलासुद्धा खिशात काहीतरी असावं लागतं, असं त्याचं म्हणणं. मला हे बरीच वर्षं कळलं नव्हतं.

पुढे व्हिडिओ आला. गणपतीत किंवा सत्यनारायणाच्या रात्री व्हीसीआर भाड्याने आणायचा, वर्गणी काढायची आणि रात्रभरात तीन सिनेमे संपवायचे. 'सबस्क्रिप्शन'ला मराठीत वर्गणी हाच शब्द आहे, हे या निमित्ताने लक्षात आलं. आमच्याकडे हा शब्द जन्मापासून ओळखीचा. गणपतीची वर्गणी, ग्रंथालयाची वर्गणी, मासिकाची वर्गणी. सगळ्यांनी थोडं थोडं काढायचं आणि जे येईल ते सगळ्यांचं. ज्याला जमत नाही त्याने कमी द्यायचं. पावती मात्र सगळ्यांना सारखी.

केबलची पहिली नोंद १९९२च्या शेवटाची. १९९१च्या आखाती युद्धाने लोकांना परदेशी चॅनेलची चटक लागली होती, मग स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ला झी सुरू झालं. गल्लीतल्या मुलांनी गच्चीवर छत्री बसवली आणि या इमारतीवरून त्या इमारतीवर काळ्या वायरी टाकल्या. अजून कायदा नव्हता. तो १९९५ला आला. (केबलवाल्याने नोंदणी कुठे करायची? हेड पोस्ट ऑफिसात! पोस्टाचा आणि टीव्हीचा संबंध असा पुन्हा जुळला.)

वहीतला केबलचा आकडा वाढत गेलेला दिसतो. शंभर, दीडशे, मग अडीचशे. यामागचं राजकारण आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. चॅनेलवाले केबलवाल्याकडून माणशी, म्हणजे जोडणीमागे पैसे मागत. पण गल्लीत जोडण्या किती हे फक्त केबलवाल्यालाच ठाऊक. तो कमी सांगे. मग चॅनेलवाले दर वाढवत, केबलवाला आणखी कमी सांगे, आणि आमचं बिल मात्र वाढतच राही. आम्हाला नको असलेली तीस चॅनेलही त्यात धरलेली.

आणि आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो. आमच्या घरात आलेल्या वायरीला मागे एक छोटा स्प्लिटर होता आणि त्यातून दुसरी वायर गॅलरीच्या कठड्याखालून वर जात होती, काकूंकडे. काका वारले होते, मुलगा वेगळा झाला होता. केबलवाल्याला माहीत होतं. त्याचंही लहानपण काकूंच्या जमिनीवर गेलेलं.

हा सगळा गोंधळ निस्तरायला सरकारने 'कॅस' आणलं. ज्यांना ते दिवस आठवत नाहीत त्यांच्यासाठी: कंडिशनल अ‍ॅक्सेस सिस्टिम. पे चॅनेल हवं तर सेट टॉप बॉक्स लावा, हवी तेवढीच चॅनेल निवडा आणि तेवढ्याचेच पैसे द्या. चार महानगरांत हे १४ जुलै २००३ला व्हायचं होतं, ते पुढे १ सप्टेंबरवर गेलं, आणि झालं फक्त चेन्नईत. बाकीचे चॅनेलवाले, केबलवाले, सरकार आणि कोर्ट यांच्या फेऱ्यांत अडकले. शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ३१ डिसेंबर २००६ला दक्षिण मुंबई, आणि दिल्ली-कोलकात्याचे दक्षिण भाग, असं कॅस लागू झालं. म्हणजे 'बघाल तेवढेच पैसे' हा प्रयोग मुंबईत पहिल्यांदा आमच्यावर झाला.

आणि खरं सांगू? दर वाचून आजही हेवा वाटतो. ट्रायने ऑगस्ट २००६मध्ये ठरवून दिलं होतं: फुकट चॅनेलच्या मूळ संचाचे महिना ७७ रुपये, आणि कोणतंही पे चॅनेल जास्तीत जास्त ५ रुपये. कोणतंही! क्रिकेटचं असो की मालिकांचं. बॉक्स भाड्याने घ्यायचा तर ९९९ अनामत आणि महिना ३०, किंवा २५० अनामत आणि महिना ४५. वर कर वेगळा.

बाबांच्या हातात तो फॉर्म आला आणि त्यांचा चेहरा खुलला. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते प्रत्येक वस्तूचं वेगळं दरपत्रक! आठवडाभर त्यांनी टीव्हीशेजारी एक कागद ठेवला होता. कुणी कोणतं चॅनेल लावलं की तिथे रेघ मारायची. आम्हाला वाटत होतं घरात निदान पंचवीस चॅनेल बघितली जातात. रेघा निघाल्या नऊ चॅनेलपुढे. त्यातल्या एका पुढे तर एकच, आणि ती मीच चुकून मारलेली, पण ते चॅनेल मी टिकवून घेतलं. तर ७७ अधिक नऊ पंचे पंचेचाळीस अधिक बॉक्सचे ४५, झाले १६७. कर धरूनही अडीचशेच्या बरेच खाली. फेब्रुवारी २००७मध्ये विश्वचषकासाठी एक खेळाचं चॅनेल वाढवलेलं दिसतं, आणि मेमध्ये ते बंद. त्या विश्वचषकात आपण आधी बांगलादेशशी हरलो, मग श्रीलंकेशी, आणि पहिल्याच फेरीत घरी आलो. बाबांचं मत, ५ रुपये वाया गेले.

पण बॉक्स एका टीव्हीचा एकच. स्प्लिटर होता तसा होता, वायर कठड्याखालून वर जात होती, तरी काकूंच्या पडद्यावर त्यांच्या मालिकेचं चॅनेल दिसेनासं झालं. फुकटवाली दिसत होती. काकू काही बोलल्या नाहीत. दोन-तीन दिवस संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसल्या. चौथ्या दिवशी आल्या नाहीत.

जानेवारी २००७च्या पानावर बाबांच्या अक्षरात दोन नोंदी आहेत. एक 'केबल, घर' आणि खाली 'केबल, दुसरा बॉक्स'. अनामत २५०. ७७, दोन चॅनेलचे १०, भाडं ४५, मिळून १३२. दोन्ही धरून २९९, म्हणजे आधीच्या अडीचशेपेक्षा जास्तच. आठवडाभर रेघा मारून जे वाचवलं ते सगळं गेलं आणि वर पन्नास लागले. पन्नास! दुसऱ्या नोंदीपुढे, जिथे ते एरवी दुकानाचं नाव लिहीत, तिथे 'जुनी बाकी' असं लिहिलंय. मला हे दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. काकूंना केबलवाल्याने सांगितलं होतं की म्हाताऱ्या माणसांना कंपनीकडून फुकट आहे. ही नोंद २०११पर्यंत दर महिन्याला आहे, आणि मग नाही.

असो. पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो थोडाफार तोच तोच आहे. ३१ ऑक्टोबर २०१२ला मुंबईत सगळीकडेच जुनी केबल बंद होऊन डिजिटल सुरू झाली आणि निवडीच्या जागी 'पॅकेज' आलं. १ फेब्रुवारी २०१९ला ट्रायने पुन्हा निवड आणली: १३० रुपयांत (करासह १५३ रुपये ४० पैसे) शंभर चॅनेलची जोडणी आणि वर हव्या त्या पे चॅनेलचे सुटे पैसे. गठ्ठ्यात घालायचं चॅनेल १९ रुपयांपर्यंत, असं बंधन होतं. मोठमोठ्या चॅनेलनी बरोबर १९चाच आकडा गाठला, आणि गठ्ठे इतके स्वस्त ठेवले की सुटं घेणारा वेडा ठरावा. गठ्ठ्यावरची सूट काही ठिकाणी सत्तर टक्क्यांपर्यंत आहे, हे ट्रायलाच त्या वर्षी लिहावं लागलं. मग १९चे १२ केले, कोर्टकचेऱ्या झाल्या, २०२२च्या नोव्हेंबरात पुन्हा १९ झाले, आणि २०२४च्या जुलैत जोडणीच्या रकमेवरची मर्यादाच निघाली. पाच रुपयांचं चॅनेल काही परत आलं नाही. (डीडी फ्री डिश डिसेंबर २००४पासून आहे आणि तिला महिन्याचं काही पडत नाही, पण आमच्या चाळीत छत्री लावायची कुठे यावरून जे होईल त्यापेक्षा पैसे भरलेले बरे.)

अ‍ॅप आली तेव्हा वाटलं, आता खरी निवड आली. हॉटस्टार २०१५, नेटफ्लिक्स जानेवारी २०१६, त्याच वर्षी प्राइम. वायर नाही, बॉक्स नाही. सुरुवातीची काही वर्षं तर पासवर्ड म्हणजे काकूंची खोलीच होती. एकाने भरायचे, भाऊ, वहिनी, भाचरं, ऑफिसातला मित्र, सगळ्यांनी बसायचं. पण चालवणाऱ्यांना तो स्प्लिटर दिसत होता. नेटफ्लिक्सने जुलै २०२३मध्ये भारतात सांगून टाकलं की खातं एका घरात राहणाऱ्यांपुरतंच. प्राइमने जानेवारी २०२५पासून पाच उपकरणं, त्यात टीव्ही दोनच, असं केलं आणि जून २०२५पासून मधे जाहिराती घातल्या. जाहिराती नको असतील तर आणखी पैसे. १९७६ ते १९८५ या काळातल्या दूरदर्शनसारखंच, दोन्हीकडून घ्यायचं.

'एक घर' म्हणजे किती माणसं, हे दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलंय.

आता आईच्या पासबुकाकडे. बाबांचीच पद्धत वापरली. टीव्हीशेजारी कागद ठेवला आणि आठ दिवस आई जे लावेल त्यापुढे तिने रेघ मारायची. २९९च्या अ‍ॅपपुढे एकही रेघ नाही. नंतर लक्षात आलं, ते आमच्या इंटरनेटच्या प्लॅनमध्ये वेगळे पैसे न देता मिळतच होतं, म्हणजे इतके दिवस दोनदा भरत होतो. तुमच्याकडेही एकदा बघा, ही चूक फार जणांची असणार. ४९९च्यापुढे दोन रेघा, दोन्ही माझ्या. ते बंद केलं. वर्षातून काही खास बघायचं असेल त्या महिन्यापुरतं घ्यायचं आणि घेतल्या दिवशीच रद्द करून टाकायचं. भरलेला महिना पुरा दिसतो, पुढचा कापला जात नाही. केबलवाल्याला बोलावून खेळाचा एक गठ्ठा काढायला लावला, ३५०चे २९० झाले. आईच्या फोनवर पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येत होतेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२१पासून निदान चोवीस तास आधी कळवावं लागतं. पण ते इंग्रजीत, आणि आई इंग्रजी मेसेज म्हणजे फसवणूक समजून पुसून टाकते. (तेही तिला आम्हीच शिकवलंय.) आता तो मेसेज आला की वाचून न दाखवता पुसायचा नाही, असं ठरलंय.

४९९वालं वर्षातून दोन महिने घेतलं असं धरलं तरी वर्षाला नऊ हजार तीनशेच्या आसपास वाचतात. आईच्या हिशोबात ही रक्कम लहान नाही.

राहिलं १९९चं. त्यावर आईच्या रेघा रोज होत्या, सकाळी सातला. मला कळेना, हिला त्यातलं काहीच आवडत नाही. विचारलं तर म्हणाली, "मी बघत नाही, उघडते फक्त." ते खातं पुण्याला होस्टेलवर असलेली माझी भाची वापरते. उघडल्यावर वरच दिसतं की अर्धवट राहिलेलं काय आहे. काल तिसऱ्या भागावर होतं, आज सातव्यावर आहे, म्हणजे पोर रात्री दोन वाजेपर्यंत जागी होती. परीक्षेच्या दिवसांत ते तिथेच थांबलेलं असतं. तापाने आजारी होती त्या आठवड्यात दिवसाढवळ्या पुढे सरकत होतं, तेव्हा आईनेच आधी फोन केला होता. फोनवर ती नातीला यातलं काही सांगत नाही.

मी म्हटलं, ती कंपनी उद्या म्हणेल, पुण्यातली मुलगी तुमच्या घरची नाही. आई म्हणाली, "म्हणू दे, तेव्हा बघू. तोवर चालू ठेव."

ठेवलंय. नवी वही आणली, पहिल्या पानावर 'केबल २९०' आणि खाली १९९ लिहिले. त्यापुढे काय लिहायचं म्हणून विचारलं तर आईने 'फोन' लिहायला सांगितलं.

(आणि भाचीबाई, तू हे वाचत असशील तर लवकर झोपत जा.)